नखरे नव्हते ते

आमच्या सोलापूरकडच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही. आमटीत कूट, भरल्या वांग्यात कूट, भाकरीबरोबर शेंगाची चटणी. त्यामुळे धाकट्या बहिणीची मुलगी दाण्याचा पदार्थ समोर आला की तोंड फिरवायची, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला होता. पोरगी नखरेल आहे.

त्या रमजानमध्ये ती साडेतीन वर्षांची होती. इफ्तारीच्या वेळी माझ्या मांडीवर बसली होती. मी भाकरीच्या तुकड्याला चटणी लावून तिला भरवली. "मामू, तोंडात टोचतंय," ती म्हणाली. मी हसलो. म्हटलं, "चटणी आहे, टोचणारच. खा, सवय होईल." आणि दुसरा घास भरवला. दहा मिनिटांच्या आत तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली. मग श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दवाखाना जवळ होता, डॉक्टर जागेवर होते, त्यांनी ताबडतोब मांडीत इंजेक्शन दिलं. पोरगी वाचली. पण तो दुसरा घास अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढे पुण्यात तिच्या रक्ताची तपासणी झाली. अहवालात 'शेंगदाणा' या शब्दाखाली आणखी काही ओळी होत्या. अ‍ॅरा एच १, अ‍ॅरा एच २, अ‍ॅरा एच ३. त्यातल्या दोन नंबरसमोरचा आकडा सगळ्यात मोठा होता. अम्मीनं चष्म्यातून तो कागद पाहिला आणि विचारलं, "दाण्यालाही नंबर असतात?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला बसलो.

शेंगदाण्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅराकिस हायपोजिया. पहिल्या शब्दाची तीन अक्षरं आणि दुसऱ्याचं एक घेऊन 'अ‍ॅरा एच' झालं. पुढचा आकडा म्हणजे ते प्रथिन कितव्या क्रमांकानं नोंदवलं गेलं तो. आजवर अशी पंधराहून जास्त प्रथिनं नोंदवली गेली आहेत. यातली मुख्य प्रथिनं रोपानं आपल्या पिल्लासाठी बांधून दिलेली शिदोरी असते. बी रुजताना कोंब त्यावरच वाढतो. तीच शिदोरी काही माणसांचं शरीर शत्रू समजतं.

शरीर असं का वागतं, याचा पहिला मोठा धागा १९२१ साली जर्मनीत सापडला. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासा सोसत नसे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथं गांध उठली. म्हणजे त्रास रक्तातल्या कशामुळे तरी होत होता. ते नेमकं काय, हे कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते प्रतिपिंड शोधलं. त्यालाच आज आयजीई म्हणतात.

शेंगदाण्यातला गुन्हेगार पकडायला हेच आयजीई कामी आलं. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात वेस्ली बर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाण्यातलं तेल काढून टाकलं आणि उरलेल्या पिठातली प्रथिनं वेगळी केली. या कामाची एक ठरलेली रीत आहे. जेलीसारख्या पातळ थरातून वीज सोडली की लहान प्रथिनं लांब पळतात, मोठी मागे राहतात, आणि प्रत्येकाचा वेगळा पट्टा तयार होतो. ते पट्टे एका पातळ पडद्यावर उतरवायचे आणि त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव ओतायचा. रुग्णाचं आयजीई ज्या पट्ट्याला चिकटेल, तो पट्टा संशयित. १९९१ साली बर्क्स यांच्या गटानं अ‍ॅरा एच १ जाहीर केलं आणि १९९२ साली त्याहून बरंच लहान असं अ‍ॅरा एच २.

आकारानं लहान असलं तरी दोन नंबर जास्त चिवट आहे. त्याच्या घडीला आतून गंधकाचे टाके घातलेले असतात, त्यामुळे पोटातल्या पाचकरसांनाही ते सहजी दाद देत नाही. तीव्र त्रास होणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्धचं आयजीई सापडतं. उलट, अ‍ॅरा एच ८ हे बर्च झाडाच्या परागकणांतल्या प्रथिनासारखं दिसतं. युरोपात बर्चच्या परागांनी शिंका येणाऱ्या अनेकांचं रक्त या प्रथिनालाही ओळखतं. पण त्यांना दाणे खाऊन बहुधा तोंडात खाज येण्यापलीकडे काही होत नाही. नुसत्या 'शेंगदाणा पॉझिटिव्ह' या दोन शब्दांत हा फरक दिसत नाही. म्हणून त्या नंबरांना किंमत आहे.

भाजल्यानं तरी दोष जात असेल, असं अम्मीला वाटत होतं. घडतं उलटंच. कोरड्या उष्णतेनं भाजलेल्या दाण्यातली प्रथिनं आयजीईला जास्त घट्ट चिकटतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उकडल्यावर काही प्रथिनं पाण्यात उतरतात आणि जोर थोडा कमी होतो, पण अ‍ॅलर्जी असलेल्याच्या ताटात उकडलेल्या शेंगाही सुरक्षित नाहीत.

वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही बाळं चार ते अकरा महिन्यांची होती आणि त्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती. ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फारच कमी आढळली. म्हणजे "सवय होईल" हे माझं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. पण ते अ‍ॅलर्जी होण्याआधीच्या बाळांसाठी, आणि तेही आधी तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. एकदा शरीरानं वैर धरल्यावर तोच घास जीवघेणा ठरू शकतो. कृपया घरी प्रयोग करू नका.

एक गोष्ट मला अजून खटकते. अ‍ॅरा एच २ हे नाव आणि त्यासमोरचा आकडा कागदावर आला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्याआधी वर्षभर ती पोरगी तेच सांगत होती. तिच्याकडे फक्त 'टोचतंय' एवढाच शब्द होता, आणि तो आम्हाला पुरला नाही.

आता ती दुसरीत आहे. दप्तरात अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सुई असते, आणि ती कशी वापरायची ते तिच्या बाईंनाही शिकवलं आहे. शेजारच्या काकू उपवासाची खिचडी पाठवतात, तेव्हा तिच्यासाठी दाण्याचं कूट न घातलेली वाटी वेगळ्या भांड्यात करून वेगळी झाकून देतात. अम्मी तरीही दारातच विचारते, "यात दाणे नाहीत ना?" काकू हसून म्हणतात, "अहो, कालच सांगितलं ना." अम्मी म्हणते, "आजचं सांगा."