अडकण्यातून घडणारे कौशल्य

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात ‘कॅप्चर द फ्लॅग’ किंवा थोडक्यात ‘सीटीएफ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धा ज्या ‘डेफकॉन’ संमेलनामुळे नावारूपास आल्या, ते अमेरिकेतील लास व्हेगास येथे १९९३ साली सुरू झाले आणि १९९६ पासून तेथे ही स्पर्धा भरू लागली. मुद्दाम सदोष ठेवलेल्या प्रणालीत दडवलेली गुप्त अक्षरमाला, म्हणजेच ‘फ्लॅग’, शोधून दिली की गुण मिळतात. काही स्पर्धांत संघ परस्परांच्या सर्व्हरवर हल्ला चढवताना स्वतःचा सर्व्हरही राखतात. बहुतेक ठिकाणी मात्र संकेतशास्त्र, वेब, रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्राम उलगडून त्याची अंतर्गत रचना ओळखणे) अशा विभागांतील सुटी कोडी सोडवायची असतात. प्रोग्रामिंगच्या कोड्यांची परंपराही याच्या जवळचीच असून, एरिक वास्टल यांनी २०१५ साली सुरू केलेल्या ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’चे नवे कोडे डिसेंबरात भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाला खुले होते.

या दोन्ही वाटांनी गेलेल्या प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, साधनांची माहिती पुस्तकांतूनही मिळते. पण वाट खुंटल्यावर आपण मनाशी धरलेली कोणती गोष्ट खोटी आहे हे हुडकण्याची सवय अडकून बसल्याशिवाय लागत नाही.

‘ओव्हर द वायर’ या संकेतस्थळावरील ‘बँडिट’ ही नवशिक्यांसाठीची मालिका याचे उत्तम उदाहरण आहे. लिनक्सच्या कमांड लाइनवर, म्हणजे केवळ टंकलिखित आज्ञा देऊन, प्रत्येक पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो. सुरुवातीच्याच एका पायरीवर पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो तिचे नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ असते. मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ या आज्ञेला ते नाव जसेच्या तसे दिले, तर ती रेघेचा अर्थ ‘कीबोर्डवरून येणारा मजकूर’ असा घेते आणि वाट पाहत थांबते. चूक झाल्याचा संदेश येत नाही, फक्त कर्सर लुकलुकत राहतो. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावून ‘याच फोल्डरमधील फाइल’ असे स्पष्ट केले की पासवर्ड समोर येतो. केवळ माहिती म्हणून दिलेली गोष्ट यंत्राने सूचना म्हणून वाचणे, हे या छोट्या कोड्याचे मर्म आहे. आणि वापरकर्त्याने भरलेला मजकूर डेटाबेसने आज्ञा समजून चालवणे, म्हणजेच ‘एसक्यूएल इंजेक्शन’, हा गंभीर दोष त्याच मुळातून उगवतो, हे पुढे आपोआप ध्यानात येते.

प्रोग्रामिंगच्या कोड्यांत हाच धक्का वेगळ्या रीतीने बसतो. ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’च्या २०२१ मधील सहाव्या कोड्यात प्रत्येक मासा दर सात दिवसांनी एका माशाला जन्म देतो आणि नवजाताला पहिल्या खेपेस दोन दिवस अधिक लागतात. नमुन्यातील पाच माशांचे ८० दिवसांत ५,९३४ होतात, तेव्हा एकेका माशाची नोंद ठेवणारा सरळसोट प्रोग्राम सहज पुरतो. परंतु दुसऱ्या भागात मुदत २५६ दिवस होताच हीच संख्या २६,९८,४४,५७,५३९ वर जाते आणि संगणकाची स्मृती अपुरी पडते. मासे वेगवेगळे मोजण्याचे कारणच नव्हते, कारण जन्म देण्यास सारखेच दिवस उरलेले सगळे मासे सारखेच वागतात, हे उमगले की नऊ आकड्यांत सारा हिशेब मावतो. मोठी मुदत समोर आली नसती, तर पहिल्या रचनेतील उधळपट्टी लक्षातही आली नसती.

सरावाची जागा मात्र परवानगीचीच असली पाहिजे, कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ नुसार अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाची २०१३ पासूनची ‘पिकोसीटीएफ’ शालेय विद्यार्थ्यांनाही विनामूल्य खुली असल्याने कायदेशीर वाटा दुर्मीळ नाहीत.

स्पर्धा संपल्यावर संघ आपापल्या उकली ‘राइट-अप’ म्हणून लिहून काढतात, आणि ज्या कोड्यावर स्वतः रात्र घालवली आहे त्याची दुसऱ्याने लिहिलेली उकल वाचताना जितके शिकता येते तितके कोडे सुटूनही शिकता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. कोड्याला उत्तर असतेच, या खात्रीवर स्पर्धक तासन्‌तास तग धरतो. प्रत्यक्ष सुरक्षा तपासणीत मात्र दोष असेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि काही न सापडल्यास काय तपासले, कसे तपासले, कोठे थांबलो हे अहवालात नेमके मांडावे लागते. तेथे गुणतक्त्यावरील क्रमांकापेक्षा राइट-अप लिहिण्याची सवयच अधिक कामी येते.