मांडी की खुर्ची?

मैत्रिणींनो, लेकीचं पहिलं बाळंतपण म्हटलं की आईच्या घरी केवढी गडबड असते, ते तुम्हाला काय सांगायचं! डिंक-खारीक आणून ठेवली होती, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. सातव्या महिन्यात लेक राजूरला आली आणि पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "आई, बाळाला दवाखान्यातून आणायला गाडीतली सीट घ्यायचीय. येशील ना बरोबर?"

खरं सांगते, मला रागच आला. "अगं, संगमनेरहून राजूर चाळीसएक किलोमीटर. माझी मांडी काय झिजली का?"

ती गप्प बसली. रात्री तिच्या डोक्याला तेल लावताना भुवईवरचा जुना व्रण दिसला, आणि मग मीच गप्प झाले.

१९९४ सालची गोष्ट. ती सहा महिन्यांची होती. अकोल्याहून वडापच्या जीपमधून येत होतो. विठा घाटात वासरू आडवं आलं, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. मी तिला घट्ट धरलं होतं हो! तरी ती हातातून सुटली आणि पुढच्या लोखंडी दांडीवर आपटली. दोन टाके पडले. कितीतरी वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते.

आता कळतं, दोष हातांचा नव्हता. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबली, तर चार किलोचं बाळ स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझ्यासारखं पुढे ओढ घेतं. कुठली आई ते पेलणार? आणि आईनं स्वतःचा पट्टा बाळाभोवतीही बांधला, तर तिच्याच वजनाखाली बाळ चेंगरतं.

मग आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं आधी बाळ उचलून न्यायची नुसती टोपलीच पुढे केली. लेकीनं विचारलं, "ही गाडीला पक्की बसते कशी?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्हीही हा प्रश्न पहिला विचारा. तान्ह्या बाळाची सीट उलटी बसवायची असते, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी. अशा बसण्यानं धक्का मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. निदान सव्वा वर्षापर्यंत तरी असंच बसवावं. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल, तर तिथे उलटी सीट चुकूनही लावू नये.

विकत घेण्याआधी सीट आपल्याच गाडीत लावून बघावी. आमच्या जावईबापूंची गाडी लहान. एक सीट इतकी मोठी निघाली, की त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागले! कुणाची वापरलेली सीट मिळाली, तर ती अपघातातली नाही ना, याची खात्री हवी. ती नसेल तर नाही म्हणावं, भीड कसली? खर्च वाढला खरा. चांदीचे वाळे मग सणावर ढकलले.

आणखी एक. बाळाला दुपट्यात गुंडाळून सीटमध्ये ठेवू नका. आधी पट्टे अंगाशी नीट बसवा, चिमटीत पट्ट्याची घडी येता कामा नये. दुपटं मग वरून घाला. अगदी तान्हं असेल तर अर्ध्या तासानं थांबून बाळाला बाहेर घ्या. घरी आल्यावर झोपेतलं बाळ सीटमध्येच ठेवू नका. हनुवटी छातीवर टेकून श्वास अडखळतो.

कायद्याचं म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा अशा सीटनं बसवलं नाही, तर हजार रुपये दंड आहे. पण दंडासाठी थोडंच करायचं?

नातीला घरी आणलं त्या दिवशी धो धो पाऊस होता. मी मागे तिच्या शेजारी, पट्टा लावून. विठा घाटात भंडारदऱ्याकडून येणारी एक गाडी वळणावर अंगावरच आली. जावईबापूंनी ब्रेक दाबला. माझ्या मांडीवरचं घडी केलेलं दुपटं घसरून खाली पडलं. नात झोपलेलीच होती.

एसटीत, जीपमध्ये आपला इलाज नसतो, ते मलाही ठाऊक आहे. पण दारात स्वतःची गाडी असेल, तर पाळण्याच्या आधी ही सीट घ्या. मांडी काय, घरी आल्यावर आहेच की!