येळवसेची वाट

धाराशिव-लातूरकडच्या माणसाला 'येळवस' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगावं लागतं, म्हणून आधी थोडं तेच.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे वेळ अमावास्या, लोकांच्या तोंडी येळवस. शेजारी कर्नाटकातही ती 'एळ्ळ अमावास्या' म्हणून करतात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग जेवायचं. जेवणात भज्जी असते. ही कांदाभजी नव्हे बरं का! ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून बेसन लावून केलेली ही भाजी. तिच्यासोबत ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातलं ताकाचं आंबील. आंबील किती प्यालं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. जेवणानंतर झाडाखाली जी झोप लागते तिचंही तसंच.

ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. पत्रिका नाही, वेळ नाही. 'येळवसेला ये' एवढं म्हटलं की झालं. पुण्या-मुंबईकडे हल्ली डोक्यामागे पैसे मोजून 'शेतावरची पार्टी' मिळते म्हणे. आमच्याकडे ती मित्र देतो, फुकट.

२०२४ साली येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. त्यातल्या दुसऱ्या येळवसेला मी सोलापुराहून मित्राच्या शेताकडे निघालो. त्याचं गाव धाराशिव ओलांडून येडशीकडे जाताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण त्याने तसं सांगितलंय.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२. जुन्या लोकांच्या भाषेत अजूनही २११. तामलवाडीचा टोलनाका, मग तुळजापूरचा घाट, मग धाराशिव. चौपदरी झाल्यापासून गाडी कशी पाण्यासारखी जाते. कोजागरीला याच रस्त्यावरून लाखो माणसं तुळजाभवानीला चालत जातात आणि तेवढे दिवस वाहनांना दुसरीकडून वळवतात. मला हे फार आवडतं. वर्षातून थोडेच दिवस, पण रस्ता चालणाऱ्यांचा होतो.

मित्राचं घर रस्त्याच्या एका अंगाला आणि शेत दुसऱ्या अंगाला. मधलं अंतर असेल चारशे-पाचशे मीटर. पूर्वी मधे दोन पदरी रस्ता होता. दोन्हीकडे बघायचं आणि पलीकडे जायचं. आता चार पदर, मधे दुभाजक, आणि रस्ता शेताच्या बाजूला चांगला माणसापेक्षा उंच भरावावर. गाडीने जायचं तर काही किलोमीटर पुढे जाऊन वळून परत यायचं, गाडी कडेला लावायची आणि भरावावरून घसरत शेतात उतरायचं. तरणी पोरं दुभाजकावरून उड्या मारतात. जनावरं कशी न्यायची हा प्रश्न मित्राने जनावरं विकून सोडवला.

तर मी धाराशिवमध्ये फळं घ्यायला थांबलो. दुकानात एक गृहस्थ होते, तेही डबे-पिशव्या घेऊन शेतालाच निघालेले. कुणाकडे, कुठे अशा चौकशा झाल्या (त्या होतातच) आणि ते म्हणाले, "मग हायवेनं कशाला जाताव? शिवेच्या रस्त्यानं जावा की. यंदा मुरूम पडलाय. शेतातच उतराल."

माझ्या फोनमधल्या बाईला हा रस्ता माहीत नव्हता. ती तीनदा म्हणाली, मागे वळा. चौथ्यांदा मी तिला गप्प केलं. गावाच्या मागच्या अंगाने डांबरी रस्ता, तो संपल्यावर दोन शिवांमधून जाणारी गाडीवाट. दोन्हीकडे ज्वारी आणि मधे लाल मुरमाचा पट्टा. समोरून बैलगाडी आली तर कुणी मागे जायचं हे दोघांनी डोळ्यांनीच ठरवायचं. वेग ताशी पंधरा. वाटेत प्रत्येक खोपीतून हाक येत होती, "या जेवायला!" ओळख ना पाळख. दोन ठिकाणी आंबील प्यावंच लागलं.

आणि मी थेट मित्राच्या आंब्याखाली गाडी लावली. तो भरावाकडे तोंड करून माझी वाट बघत उभा होता. मी मागून हाक मारल्यावर दचकलाच.

"तू कुणीकडून आलास?"

त्यालाही ही वाट चालू झाल्याचं माहीत नव्हतं. त्याच्या लहानपणापासून ती बंदच होती. कुणी बांध पुढे सरकवला होता, कुठे बाभळी वाढल्या होत्या, आणि पावसाळ्यात तर गुडघाभर चिखल. शिवाय त्याचं रोजचं येणं-जाणं दुभाजकावरून, मागच्या बाजूला कोण बघतं?

मी विचारलं, "काकू कुठायत?"

"घरी. तिचे गुडघे कामातून गेलेत. रस्ता झाल्यापासून ती शेतात आलेली नाही."

म्हणजे तीन येळवशी. पहाटे तीनला उठून भज्जी शिजवायची, उंडे करायचे, आंबिलाला फोडणी द्यायची, टोपल्या बांधून द्यायच्या आणि ओसरीवर बसून रस्त्यापलीकडे दिसणाऱ्या आपल्याच शेताकडे बघायचं. पांडवांची पूजा सून करते, चांगली करते. पण ज्या बाईने चाळीस वर्षं ते शेत निंदलं, खुरपलं, तिला आपल्याच खोपीत बसता येऊ नये?

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. फार बोलायची गरज नव्हती. गाडी वळवली, शिवेच्या वाटेने मागे, धाराशिव, तिथून महामार्गाने त्याच्या घरी. काकू आधी नाहीच म्हणाल्या. "मी कशाला आता, तुम्ही जावा. माझं झालंय सगळं बघून." मग लुगडं बदलायला आत गेल्या.

चारशे-पाचशे मीटरवरच्या शेतात जायला आम्ही पाऊण तास घेतला. काकू पुढच्या सीटवर, मांडीवर उरलेल्या आंबिलाचं भांडं. गाडीवाट लागली तशा त्या सरसावून बसल्या. हा बांध कुणाचा, ती विहीर कुणी खोदली, इथे पूर्वी काय पिकायचं, सगळं सांगू लागल्या. एका वळणावर म्हणाल्या, "ह्याच वाटेनं लगीन होऊन आलते मी. बैलगाडीत." मित्राने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

शेतात उतरल्यावर त्या आधी खोपीकडे गेल्या नाहीत. ज्वारीत शिरल्या, एक कणीस वाकवून बघितलं, आणि सुनेला म्हणाल्या, "पेर दाट झालीय जरा." मग पूजा केली. सून हसली, मित्र उगाचच मोबाइल बघत बसला.

आता 'चांगला रस्ता' म्हणजे कुठला? महामार्ग वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्याच काकूंना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तोच रस्ता लागेल आणि त्याचे चारही पदर उपयोगी पडतील. पण रस्ता चांगला की वाईट हे आपण नेहमी तिथून वेगाने जाणाऱ्याला विचारतो. तो ओलांडणाऱ्याला कुणी विचारत नाही.

याच जिल्ह्यात एकदा उलटं घडलंय. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. येडशी, ढोकी अशी स्टेशनं तिला होती, पण जिल्ह्याचं ठिकाण मात्र बाजूलाच राहिलं. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झालं तेव्हा मार्गच वळवून धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) नेला. सरळ गेलेल्या रुळापेक्षा वळून माणसांच्या दाराशी आलेला रूळ बरा, हे तेव्हा सगळ्यांना पटलं होतं.

आणि गाडीवाटा तर या मातीला नव्या नाहीत. जवळच तेर आहे, जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे की, तगरचं कापड गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. ज्या मुलखाने तेव्हा वाट काढली, त्याला पाचशे मीटरची वाट जड जाऊ नये.

ज्यांचं शेत असंच अडकलंय त्यांच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट. गावच्या नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ती एकदा बघून घ्या. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, आणि बांधावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' योजनाही आली होती. वेळ लागतो, शेजाऱ्याशी बोलाचाली होते, पण वाटा निघतात.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. मित्राची अर्धी सोयाबीन गेली आणि शिवेच्या वाटेवरचा मुरूमही वाहून गेला. डिसेंबरात मी फोन केला तेव्हा तो घाईत होता. मागच्या-पुढच्या शेतवाल्यांनी वर्गणी काढून सहा ट्रॉल्या मुरूम आणला होता आणि येळवसेच्या आत तो पसरायचा होता.

"नंतर बोलतो," म्हणाला, "आई विचारून राहिली, झाली का वाट."