चाड्यावरची मूठ

वऱ्हाडात प्रेमाचं गाणं म्हटलं की आधी अमरावती आठवते. सुरेश भटांचं गाव. मेंदी, चांदणं, पहाट, उठत आलेली मैफल. त्यांच्या शब्दांतली रात्र हृदयनाथ मंगेशकरांनी चालीत बांधली, लताबाई-आशाबाईंनी घरोघर पोचवली आणि अमरावती जिल्ह्यातल्याच अष्टगावच्या भीमराव पांचाळ्यांनी भटांच्या गझला आपल्या ढंगात गावोगावी मांडल्या. भट गेले १४ मार्च २००३ रोजी. त्यांची गाणी नव्या गळ्यांतून येतच राहिली आणि येत राहतील, कारण त्यांची सामग्री संपणारी नाही. रात्र रोज होते. मेंदी अजून रंगते.

अकोल्याच्या गाण्याचं तसं नाही.

प्रा. विठ्ठल वाघांचं ‘काळ्या मातीत मातीत’. १९८१च्या ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून ते महाराष्ट्रभर गेलं. संगीत अनिल-अरुण यांचं, आवाज सुरेश वाडकर आणि अनुराधा पौडवाल यांचे. कुणी त्याला शेतकरीगीत म्हणतं, कुणी पाऊसगाणं. माझ्या लेखी वऱ्हाडातलं सगळ्यात सच्चं प्रेमगीत तेच. प्रेमाची कबुली त्यात कुणीच देत नाही. तो बैल हाकतो, ती सोबत पेरत चालते. तो सदाशिव, बैल नंदी आणि पोटाशी बियाण्याची ओटी बांधलेली ती पार्वती. तिफणीमागची चाल ज्यानं पाहिली आहे, त्याला यापुढे काही सांगावं लागत नाही.

ज्यानं पाहिली नाही, त्याच्यासाठी सांगतो. तिफण म्हणजे तीन फणांचं लाकडी औत. वर वाटीसारखं चाडं, चाड्याच्या तळाला भोकं, त्या भोकांतून उतरणाऱ्या नळ्या आणि खाली जमीन चिरणारे फण. ओटीतून मूठ भरायची, चाड्यावर धरायची आणि बोटांच्या फटींतून ज्वारी सोडत राहायची. मूठ सैल सुटली तर पीक दाट, आखडली तर विरळ. तुरीच्या तासासाठी दोरीनं बांधलेलं सरतं धरून मागून आणखी एखादी बाई चालायची. हाकणाऱ्यानं बैलांचा पाय सांभाळायचा आणि पेरणारीनं त्या पायाशी आपली मूठ जुळवायची. दोघांचं त्या दिवशी काही बिनसलेलं असलं, तर आठ-दहा दिवसांत ते तासात उगवून यायचं आणि धुऱ्यावरून जाणारं कुणीही ते वाचायचं. संसाराचा इतका उघडा हिशेब दुसऱ्या कुठल्या कामात असेलसं वाटत नाही.

आणि ती माती. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे सारी भिस्त आभाळावर. उन्हाळ्यात पाऊल अडकेल अशा भेगा आणि पावसात खुराला, फणाला, टाचेला धरून बसणारा चिकण गोळा. ओल जास्त झाली तर नळ्या बुजतात, कमी पडली तर बी करपतं. मधला वाफसा मोजक्या दिवसांचा, आणि मिरग कोरडा गेला की दुबार पेरणीची धास्ती. गाण्यातली वीज, ढग, सरी या धास्तीला फुटलेल्या आहेत. तरी ठेका घाईचा नाही. त्यात मला बैलांची चाल ऐकू येते.

मग गाण्याला पाय फुटले. कविसंमेलनांत खुद्द वाघसर ते ‘काया मातीत’ म्हणत, वऱ्हाडी वळणानं, वाद्यांविना म्हणत. संग्रहाचं नावही त्यांनी तेच ठेवलं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी ते ‘काळ्या’ करून घेतलं. वरातीच्या बँडनं क्लॅरोनेटवर उतरवलं. शाळांच्या गॅदरिंगमध्ये पुठ्ठ्याचे बैल आले, आईचं लुगडं आवळून नेसलेल्या चौथीतल्या पार्वती आल्या. पुढे हौशी जोडपी ते कॅराओकेवर म्हणू लागली आणि डीजेवाल्यांनी त्याच्याखाली जाड ठोका घातला. त्या ठोक्यावर माणसं नाचतात हे कबूल. बैल मात्र जू टाकून पळतील.

गाणी हातोहात जातातच, त्यात वावगं काही नाही. डॉली पार्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे १९७४ मधलं निरोपाचं साधं कंट्री गाणं. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते असं उचललं, की पुष्कळांना ते तिचंच वाटतं. पण तिथं गळा बदलला, निरोप तोच राहिला. माणसं अजून एकमेकांपासून दूर होतात, त्यामुळे ते गाणं उद्या आणखी कुणी गाईल तेव्हाही कळेल. आमच्या गाण्यात गळे बदलत गेले आणि तेवढ्यात त्याच्या पोटातलं कामच नाहीसं झालं.

एका हंगामात नाही. संकरित कपाशी आली तेव्हा ते महागाचं बी मुठीनं सोडणं परवडेना, म्हणून टोबणी आली. २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पाकिटं आणखी जपून फोडली जाऊ लागली. ज्या ज्वारीसाठी तिफण खरी, ती हटत गेली. तिच्याबरोबर कडबा गेला, आणि कडब्यावाचून बैल पोसायचे कशावर? सोयाबीन आलं ते ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र घेऊनच. आता जूनमध्ये बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघा. मूर्तिजापूरच्या आसपास गाडीच्या खिडकीतून दिसतो तो ट्रॅक्टरवरचा एकटा चालक. टोबणीला वाकलेल्या बायका दिसतात, पण त्या टोळीनं, रोजानं आलेल्या. गाण्यातले राघू-मैना एका वावरात दिसणं विरळाच.

मी त्या कष्टांवर हळद-कुंकू वाहत नाही. दिवसभर ओल्या लुगड्यात चिखल तुडवणाऱ्या बाईला ट्रॅक्टर देवासारखा वाटला असेल, आणि वाटलाच पाहिजे. तिला पार्वती म्हणणंही सोपं. सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायची वेळ आली की आमचे सदाशिव फेरफाराचा अर्ज विसरतात. तरी कष्ट गेले त्यांबरोबर आणखी काही गेलं. दोघांनी दिवसभर एका चालीनं चालायचं, फारसं न बोलता, पण एकमेकांच्या अंदाजानं. ती सोबत कुठल्या यंत्राला जोडून मिळत नाही.

आणि काही घरांतून तर सोबतीच गेला. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा. हे सहा जिल्हे २००६ मध्ये एका दमात घेतले जाऊ लागले, कारण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचं पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज या सहांसाठी होतं. त्या वर्षांत हे गाणं कुठं लागलं तर ऐकवत नसे. द्वंद्वगीत ते, त्यातला हाकणारा आवाज गप्प झाला तर पेरणारीनं कुणाच्या चालीवर मूठ धरायची? या जिल्ह्यांत अशा बायका आहेत. वखरणीपासून कपाशीच्या मोंढ्यापर्यंत सगळं त्या एकट्या बघतात, सावकाराच्या आणि बँकेच्या दारातही एकट्याच उभ्या राहतात. त्यांच्यासाठी या गाण्याची नवी आवृत्ती कुणी केलेली माझ्या कानांवर नाही.

गाणं घडवणारेही एकेक गेले. संगीतकार जोडीतले अरुण पौडवाल १९९१ मध्ये. चित्रपटातली रंजना २००० मध्ये, अरुण यांचे जोडीदार अनिल मोहिले २०१२ मध्ये, चित्रपटातलेच कुलदीप पवार २०१४ मध्ये. ध्वनिमुद्रिका आहे तशीच आहे.

तेव्हा येत्या गॅदरिंगला हे गाणं बसवणार असाल, तर एवढं करा. पोरीच्या हातात कागदी फुलांची टोपली देऊ नका. तिच्या पोटाशी ओटी बांधा, ओटीत खरी ज्वारी घाला, आणि चाड्यावर मूठ कशी धरायची ते गावातल्या एखाद्या म्हातारीला शाळेत बोलावून विचारा. ते हातानं येणाऱ्या बाया आता थोड्या उरल्या आहेत.