सत्तावीस शक्यता आणि एक राहून गेलेली

दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'संभाव्यता' नावाचं प्रकरण आहे. नाणं, फासा, पत्ते, पिशवीतले लाल-निळे चेंडू. मुलं उदाहरणं सोडवतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. मी निगडीच्या ज्या शाळेत शिकवतो, तिथली निम्मी मुलं संध्याकाळी मदनलाल धिंग्रा मैदानावर फुटबॉल खेळत असतात. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, फासा बाजूला ठेवायचा आणि गुणतक्ता घ्यायचा.

तारीख होती ६ एप्रिल २०२५. रविवार, रामनवमी. आय-लीगचा शेवटचा दिवस. ही तेव्हा आपल्या देशातली दुसऱ्या पायरीची फुटबॉल लीग होती. इथला विजेता क्लब वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये जाणार होता. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. एकवीस सामने झाल्यावर तक्ता असा होता : गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ३९ गुण, केरळचा गोकुलम ३७, रिअल काश्मीर ३६, इंटर काशी ३६. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला एक. शेवटच्या दिवशी चर्चिल श्रीनगरला रिअल काश्मीरशी खेळणार, गोकुलम गोव्याच्याच डेंपोशी आणि काशी राजस्थान युनायटेडशी.

आदल्या दिवशी, शनिवारच्या जादा तासाला मी फळ्यावर प्रश्न लिहिला : चर्चिल वर जाण्याची संभाव्यता किती?

तुम्हीही वहीत करून बघा. तीन सामने, प्रत्येकाच्या तीन निष्पत्ती, म्हणजे नमुना अवकाशात ३ × ३ × ३ = २७ घटक. चर्चिल जिंकला की ४२ गुण, मग कुणीच गाठू शकत नाही. त्या झाल्या ९ शक्यता. बरोबरी झाली तर ४०. तिथे गोकुलमने आपला सामना जिंकला तर तेही ४० वर येतात, तसं झालं नाही तर चर्चिल एकटाच वर. अशा ६. हरला तर रिअल काश्मीरही ३९ वर येतो, मग निर्विवाद पहिला नंबर नाही. म्हणजे २७ पैकी १५ वेळा चर्चिल कुणाच्याही मेहेरबानीशिवाय पहिला. अर्ध्याहून जास्त.

मागच्या बाकावरचा आमचा गोली (गोलकीपर हो, मुलं असंच म्हणतात) लगेच म्हणाला, "सर, पण हे फाशासारखं नाही ना. श्रीनगरला जाऊन जिंकणं आणि घरी जिंकणं सारखं कसं?"

बरोबर होतं त्याचं. पुस्तकात 'समसंभाव्य निष्पत्ती' हा शब्द आहे आणि आपण तो घाईत वाचतो. फाशाच्या सहा बाजू सारख्या असतात, संघ सारखे नसतात. २७ पैकी १५ हे मोजणं आहे, पण तो अंदाज नाही. अंदाज करायचा तर प्रत्येक फांदीला वेगळं वजन द्यावं लागतं आणि ते वजन पुस्तकात मिळत नाही, सामने बघून मिळतं.

रविवारी काय झालं बघा. गोकुलम दोन गोलांनी पुढे होता, तरी डेंपोने सामना ४-३ असा फिरवला. श्रीनगरला १-१ बरोबरी. काशी जिंकला. चर्चिल ४०, काशी ३९. सोमवारी वर्गात मी जरा छाती काढूनच शिरलो.

पण खरी चूक माझीच होती, आणि ती गोलीच्याही लक्षात आली नव्हती. जानेवारीत काशीचा नामधारी संघाशी सामना झाला होता. नामधारी २-० ने जिंकला, पण त्यांनी त्या दिवशी खेळायला पात्र नसलेला खेळाडू उतरवला, अशी काशीची तक्रार होती. ते प्रकरण समित्यांमध्ये चालूच होतं. मी मैदानावरचे तीन सामने मोजले, टेबलावरचा चौथा मोजलाच नाही. तो निकाल काशीच्या बाजूने लागला तर त्यांचे आधीच ३९ गुण. पुन्हा २७ फांद्या काढा. यात चर्चिल निर्विवाद पहिला फक्त ८ वेळा येतो. पंधरावरून आठ!

आणि तसंच झालं. भारतीय महासंघाने एप्रिलमध्ये चर्चिलला विजेता ठरवलं, काशी स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे गेला आणि १८ जुलै २०२५ ला लवादाने काशीला विजेता जाहीर केलं. काशी ४२, चर्चिल ४०. गोव्यातल्या लोकांना काय वाटलं असेल ते सोडा, मला वर्गासमोर उभं राहून 'माझा नमुना अवकाश अपुरा होता' असं सांगावं लागलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं. दिवाळीनंतर गोली एकटाच स्टाफरूममध्ये आला. तो पुणे जिल्हा लीगमध्ये खालच्या विभागातल्या एका संघाकडून खेळतो. पहिले दोन संघ वर जाणार, यांचा तिसरा नंबर. यांचे १९ गुण, दुसऱ्याचे २१, दोघांचे दोन-दोन सामने शिल्लक, तेही एकमेकांशी नाहीत. संघ वर गेला तर त्याला कॉलेज करून खेळत राहायचंय. वडील चाकणला शिफ्टमध्ये काम करतात, त्यांचं म्हणणं दहावीनंतर सरळ आयटीआय. "सर, पप्पा तुमचं ऐकतात. चान्स किती ते तुम्हीच सांगा ना."

आम्ही दोघांनी मिळून काढलं. ८१ शक्यता, त्यातल्या १४ मध्ये हा संघ निर्विवाद पुढे. गोलीने स्वतःच पेन घेऊन एका फांदीवर काट मारली, "ह्यांची शेवटची मॅच तळाच्या टीमशी आहे सर. ते हरणार नाहीत." मी म्हटलं, काट मारू नकोस, वजन कमी कर. गोकुलमही हरणार नव्हता. त्याने काट खोडली.

वडील शनिवारी आले, पहिली शिफ्ट संपवून, डबा हातातच. मी कागद पुढे केला. त्यांनी नीट वाचला, ८१ कुठून आले तेही विचारून घेतलं. मग म्हणाले, "सर, मी पुणे एफसीच्या मॅचेस बघायला बालेवाडीला जायचो. २००९ ला वरच्या आय-लीगमध्ये गेले, चारच वर्षांत दुसऱ्या नंबरवर आले, २०१५ ला क्लब बंद. एफसी पुणे सिटी होता, तोही २०१९ ला गेला. वर जायचा चान्स तुम्ही काढलात. वर गेल्यावर टिकायचा कुठे लिहिलाय?"

कागदावर ती फांदी नव्हती. मी तसं त्यांना सांगितलं. मग हेही सांगितलं की मुलगा जो हिशोब करतो तो मला वर्गात दुसऱ्या कुणाला जमत नाही, आणि आयटीआय असो की कॉलेज, फॉर्म भरायला जूनपर्यंत वेळ आहे. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गोलीला विचारलं, "पुढची मॅच किती वाजता?"