टोकाचा विचार

सिगारचे टोक चावलेले की कापलेले, आणि कापलेले असेल तर धारदार पात्याने की बोथट, या प्रश्नाला साहित्यात एक लहानशी पण मानाची जागा आहे. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बॉस्कम व्हॅली मिस्टरी’ या कथेत खुन्याने टाकलेल्या सिगारच्या थोटकावरून शेरलॉक होम्स अनुमान काढतो की त्याच्याजवळ बोथट चाकू असला पाहिजे. कारण टोक चावलेले नाही, कापलेले आहे, पण काप स्वच्छ नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘द रेसिडेंट पेशंट’मध्ये अशी चार थोटके आहेत. दोन फारशी धार नसलेल्या चाकूने कापलेली, दोन मजबूत दातांनी तोडलेली. पोलिसांना आत्महत्या वाटलेला प्रकार होम्सच्या लेखी खून ठरतो, त्यात या थोटकांच्या साक्षीचा वाटा आहे.

या कथा आम्ही वाचल्या तशाच वर्गात शिकवल्याही. त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. होम्सला जे कळते ते सारे वाईट कापांवरून. बोथट पाते बोलते, दात बोलतात. उत्तम धारेने नेमके कापलेले टोक हाती आले असते, तर त्याला फारच थोडे वाचता आले असते. समीक्षकाचा चरितार्थ खुणांवर चालतो हे खरे. अवजार निवडणाऱ्याची अपेक्षा मात्र उलटी असते. त्याला खूण नको असते. कापणाऱ्याविषयी काहीही न सांगणारा काप देईल तो कटर चांगला, या सूत्राने आम्ही गेले काही आठवडे सिगार कटर पाहत होतो.

पाहण्याचे कारण आमचे सर. इंग्रजी गद्य कसे वाचावे हे त्यांनी आम्हांला शिकवले. निवृत्तीला बरीच वर्षे झाली. वर्षातून दोन सिगार, एक वाढदिवसाला आणि एक एखादा मोठा ग्रंथ पुन्हा वाचून संपवला की, असा त्यांचा नेम. सिगार परदेशातले विद्यार्थी आणून देतात, त्यामुळे आकाराचा भरवसा नसतो. अलीकडे सरांचा उजवा हात कापतो. जुना एकपाती कटर त्यांच्या हातून तिरका पडू लागला आणि घरच्यांनी टोक कापून देण्याची तयारी दाखवली. सरांनी ती मानली नाही. “पूर्वी पुस्तकांची पाने कडेला जोडलेली येत, ती वाचकाने चाकूने सोडवायची. दुसऱ्याने सोडवून दिलेले पुस्तक वाचता येते, पण ते आपण उघडलेले नसते,” असे ते म्हणाले. मग आम्हांला म्हणाले, “तू शोध.” तेव्हा प्रश्न शौकाचा उरला नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आपली एक कृती आपल्या हाताने करता येईल की नाही, असा तो झाला.

आधी कापायचे काय ते पाहू. हाताने वळलेल्या सिगारमध्ये तीन थर असतात. आत घडी घातलेली पाने, त्यांना आवळणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत वर गुळगुळीत, लवचीक रॅपर. ज्या टोकाला पेटवतात ते उघडे असते. ओठांकडचे टोक रॅपरच्याच जातीच्या पानाचा छोटा गोल तुकडा वनस्पतिजन्य डिंकाने चिकटवून बंद केलेले असते. ही टोपी. वळणाऱ्या कारागिराचे, म्हणजे तोर्सेदोरचे, हे बहुधा शेवटचे काम. ‘चावेता’ नावाच्या, मूठ नसलेल्या वक्र पात्याने तो हा तुकडा कापतो आणि बोटांनी बसवतो. टोपीचे काम रॅपर उलगडू न देणे. म्हणून कापताना टोपीचा माथाच जायला हवा, तिची कड शाबूत राहायला हवी. अंतर दीड-दोन मिलिमीटरचे. त्याखाली पाते गेले तर रॅपर सुटू लागते. फार वर राहिले तर धूर ओढताना गाल दुखतात.

ज्या हाताने ही टोपी बसवली त्याचा साहित्याशी असलेला संबंध आपल्या वाचकांना आवडेल. १८६५ साली हवानातील ‘एल फिगारो’ या कारखान्यात कामगारांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याला ‘लेक्तोर’ म्हणत. उंच आसनावर बसून तो वर्तमानपत्रे वाचे, मग कादंबऱ्या. त्याचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून देत आणि पुढे काय वाचायचे तेही तेच ठरवत. सरकारला यात धोका दिसला नसता तरच नवल. वर्षभरातच, १८६६ मध्ये, बंदी आली. प्रथा तरीही परतली आणि स्थलांतरितांबरोबर फ्लोरिडातील टॅम्पापर्यंत गेली. तिथे १९३१ साली कारखानदारांनी लेक्तोर काढून टाकले. निलो क्रूझ यांचे ‘ॲना इन द ट्रॉपिक्स’ हे नाटक त्याच अखेरच्या काळात घडते. त्यातला लेक्तोर ‘ॲना कॅरेनिना’ वाचतो. नाटकाला २००३ चे पुलित्झर मिळाले. क्यूबात ही प्रथा टिकून राहिली. १९३५ मध्ये निघालेल्या ‘मोंतेक्रिस्तो’ या सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले, ते उगाच नव्हे.

एखादी कादंबरी ऐकत ऐकत कोणी बसवलेली टोपी आपण काढणार. ती हलक्या हाताने काढावी, एवढी तरी रीत पाळायला हवी.

आता अवजारे. सर्वांत स्वस्त तो एकपाती गिलोटिन. एक सरकते पाते, समोर प्लास्टिकची भिंत. पाते सिगारला भिंतीवर दाबते आणि मग कापते; बोथट असेल तर नुसतेच दाबते. हा प्रकार समजायला आपल्या घरातला अडकित्ता पुरेसा आहे. अडकित्त्यालाही धार एकाच पात्याला, खालचा जबडा टेकू देण्यापुरता. टोकाशी बिजागरी, मध्ये सुपारी, दुसऱ्या टोकाला हाताचा जोर. या तरफेत बळ वाढते आणि टणक सुपारी फुटते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांवर मोर, घोडे, माणसे अशी कलाकुसर दिसते, पण त्या नक्षीखालचे यंत्र हेच. सुपारीला चिरडणे चालते, कारण तिचे तुकडेच हवे असतात. सिगार मात्र दाबला की आतली पाने चेपतात आणि रॅपरला चीर जाते. अडकित्ता बळासाठी घडवलेला आहे. सिगारला बळाची अडचण होते.

म्हणून दुपाती गिलोटिन. दोन पाती दोन्ही बाजूंनी एकाच वेळी येतात, सिगार कुठल्याच भिंतीवर रेटला जात नाही. पाती एकमेकांना जवळजवळ घासून सरकली पाहिजेत. मध्ये फट असेल तर पान कापले न जाता त्या फटीत ओढले जाते. कात्री दिसायला देखणी, पण तिची दोन्ही टोके हवेत असतात आणि काप सरळ येण्यासाठी मनगट स्थिर लागते. ‘व्ही’ कटर टोपीत पाचरीच्या आकाराची खाच पाडतो. धुराला वाट मिळते, टोपीची कड शाबूत राहते, पण निमुळत्या डोक्याच्या सिगारला तो जुळत नाही. पंच म्हणजे गोल पाते. ते टोपीत फिरवून भोक पाडायचे. जाड, सपाट डोक्याच्या सिगारला छान, मात्र लहान भोकापाशी डांबर साचून कडवटपणा येतो आणि निमुळत्या सिगारवर तो टेकतही नाही. राहिला पाठ बंद असलेला दुपाती कटर. मागच्या पत्र्याला सिगार टेकला की जेवढे कापायचे तेवढेच पात्यांपुढे राहते. सरांसाठी हाच, असे प्रथम वाटले. पण मोंतेक्रिस्तो नंबर दोनसारखा टोकदार सिगार त्यात धरला तर इवलासा शेंडाच कापला जातो आणि धूर अडतो.

आकाराचे गणितही आले. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टांशात मोजतात. ५० रिंग गेजचा रोबुस्तो म्हणजे ५०/६४ इंच, सुमारे २० मिलिमीटर. मोंतेक्रिस्तो नंबर दोन ५२. अलीकडे ६० गेजचे, जवळजवळ २४ मिलिमीटर जाडीचे सिगारही निघतात. कटरचे तोंड याहून लहान असेल तर बाकीचे गुण व्यर्थ.

किंमत काही शेकड्यांपासून अनेक हजारांपर्यंत. वरच्या रकमा बहुधा लाकूड, लाख आणि झिलई यांच्या असतात. पात्यांसाठी ४४० जातीचे स्टेनलेस पोलाद चांगले. ते पुरेसे कठीण असते आणि गंजाला सहजी दाद देत नाही. पात्यावर ‘झोलिंगेन’ असेल तर त्या नावाला अर्थ आहे, कारण त्या जर्मन गावाचे नाव सुरीकात्रीवर घालण्याला १९३८ पासून कायद्याचे बंधन आहे. दुकानात आम्ही दोन परीक्षा घेतल्या. पाती अर्धवट मिटून हलवून पाहिली. जी खुळखुळली ती बाजूला. मग पातळ कागदाची सैल गुंडाळी कापली. चांगल्या कटरने ती गोलच राहिली, वाईटाने चपटी झाली. दुकानदाराने कागद स्वतःहून पुढे केला, हेही नोंदवायला हवे.

शेवटी निकाल दिला तो हाताने. गिलोटिनच्या दोन कड्यांत अंगठा आणि बोट घालून एकमेकांच्या विरुद्ध दिशेने सारखाच जोर लावावा लागतो. कापऱ्या हाताला नेमके हेच जमत नाही. दुसरी घडण थेंबाच्या आकाराची. दोन धडे एका खिळीवर फिरतात, आतली स्प्रिंग ती उघडते आणि मूठ मिटली की पाती मिटतात. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या झायकार कंपनीमुळे ही घडण बरीच रूढ झाली. हिला बोटांचे कौशल्य लागत नाही, पंजा पुरतो. उरला प्रश्न खोलीचा. त्यावर शौकिनांना जुनाच उपाय ठाऊक आहे. कटर टेबलावर आडवा ठेवायचा, सिगार डोके खाली करून तोंडात उभा करायचा आणि मूठ मिटायची. टेबल बंद पाठीचे काम करते. पात्याखालच्या धातूची जाडी बेताची असेल तर काप आपोआप बेताचा पडतो. शिवाय मनगटही टेबलावर टेकलेले राहते. निमुळता सिगार आला तर टेबल सोडून हवा तेवढा कापता येतो. बंद पाठीच्या कटरची शिस्त आणि उघड्या कटरची मोकळीक एकाच वस्तूत मिळाली. तोच आम्ही घेतला: नक्षी नसलेला, राखाडी, तोंड बावीस मिलिमीटरचे. साठ गेजचे सिगार आणू नयेत, असे विद्यार्थ्यांना कळवून टाकले.

एक प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस द्राक्षवेलीची फांदी छाटण्याचे उदाहरण देतो. ती खंजिराने किंवा पटाशीनेही छाटता येते, पण त्याच कामासाठी घडवलेली छाटणीची सुरी ते सर्वांत चांगले करते; आणि प्रत्येक वस्तूचे गुणवत्व तिच्या कार्याला धरून असते. कटरला ही कसोटी लावता येते, वर ती लावलीही. पण ते कार्यच घातक असेल तर? फ्रॉइडला १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला, पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. आमच्या अडकित्त्याची गोष्ट वेगळी नाही. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. संग्रहालयातला मोर त्याने कमी सुंदर होत नाही, आणि त्याच्या सौंदर्याने सुपारी निर्दोष होत नाही. ही दोन वाक्ये एकत्र मनात वागवता येणे हेच बहुधा साहित्याचे शिक्षण.

वर्षाला दोन सिगार म्हणजे निर्धोक, असा दाखला आम्ही देणार नाही. सरांनी तो मागितलाही नाही. धोका त्यांना ठाऊक आहे, त्यांच्या डॉक्टरांनाही. आमच्याकडे आला होता तो प्रश्न लहान होता आणि त्याचे उत्तर देता येण्यासारखे होते. कटर हाती देताना टेबलाची युक्ती आम्ही तोंडी सांगितली, करून दाखवली नाही. सरांनी ती एकदा ऐकली आणि कटर खणात ठेवला. वाढदिवस अजून दोन महिन्यांवर आहे.