बाळाला पाहायला सावकाश या

वाचकहो, काशीस कधी आलात तर मणिकर्णिकेच्या शेजारचा शिंदे घाट अवश्य पाहा. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला हा घाट आपल्याच दगडांच्या भाराने खचला. पायथ्याचे रत्नेश्वराचे देऊळ अजून कललेलेच आहे. या घाटाच्या वर, अरुंद गल्लीत आमचे बिऱ्हाड आहे. इथे दार लावून घेणे हा शेजाऱ्यांचा अपमान समजला जातो, आणि गेल्या थंडीत आम्हांस तो दीड महिना करावा लागला.

नातवाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास जन्मतःच छिद्र होते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला; तोच थोरल्या भावंडाची सर्दी त्याला लागली आणि तो दिवस काही आठवडे पुढे गेला. "एवढ्याशा सर्दीपायी?" पुण्याहून जाऊबाईंनी फोनवर विचारले. प्रश्न विचारण्यासारखाच होता.

अशा छिद्रातून जादा रक्त फुप्फुसांकडे लोटले जाते. ती आधीच थकलेली असतात. शस्त्रक्रियेत हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्र करते, आणि त्यानंतर फुप्फुसांस सूज येते. त्यातच रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरससारखा विषाणू शिरला, तर इवल्या श्वासनलिका चिकट स्रावाने बुजतात, फुप्फुसांतील रक्तदाब चढतो, नुकत्याच शिवलेल्या हृदयावर ताण पडतो. १९५६ साली हा विषाणू प्रथम सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींत. धडधाकट मोठ्या माणसाचे तो बहुधा नाक गळवून सोडून देतो. म्हणूनच तो प्रेमाने पाहायला येणाऱ्यांबरोबर घरात येतो. उत्तरेत त्याची लाट थंडीतच असते. त्याविरुद्ध प्रतिद्रव्याचे इंजेक्शन १९९८ पासून निघाले आहे, परंतु ते फार महाग. शिवाय त्या यंत्रातून रक्त फिरताना त्याचा बराच अंश नाहीसा होतो.

आमच्यापाशी होता साबण आणि दाराची कडी. मणिकर्णिकेकडील खिडकी धुरामुळे बंद, देवापुढची उदबत्तीही बंद. रात्री मी बाळाचे श्वास न्याहाळीत बसे: बरगड्यांखाली खळगा पडतो का, दूध मध्येच सोडतो का, ओठ निळसर दिसतात का. तसे दिसताच उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा, असे डॉक्टरांनी बजावले होते.

अशात जाऊबाई आल्या. हाती स्वतः शिवलेले झबले, आणि नाक वाहते. मी त्यांना जिन्यातच थांबविले. "जाऊबाई, रागवा हवे तर, पण वर येऊ नका." त्या काही न बोलता खालच्या खोलीत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

अकराव्या दिवशी सर्दी पुरती गेल्यावर त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि बाळाला मांडीवर घेतले. झबले तोवर जरा आखूड झाले होते.